खराटा जिथे थांबतो

१

ज्याने कुणी त्या अंगणात सिमेंट ओतलं, त्याला सगळं माहीत होतं.

चिखल नको म्हणून ओतलं, असं सांगतात. असेलही. पण चिखलाला कंटाळलेला माणूस अख्ख्या अंगणावर एक थर ओततो आणि हात धुऊन मोकळा होतो. मागच्या भिंतीलगतच्या पुरुषभर लांब, दोन हात रुंद एवढ्याच तुकड्यावर दुसरा थर द्यायला तो परत येत नाही. मी नाव घेत नाही. पुराव्याशिवाय नाव घेतलं की काय होतं, ते मला आता नीट कळलंय.

जावातल्या सेमारांग शहरात, टेकडीवरच्या त्या घरात मी अकरा महिने काम केलं. घर पाक हेंदार्तोंचं; पाक ही आमच्याकडे मोठ्या माणसाला मानाने मारायची हाक. त्यांच्या कादंबऱ्या आमच्याकडे प्रत्येक स्टेशनवर मिळतात. काळं मुखपृष्ठ, लाल अक्षरं, आणि आत दोन गुन्हे. एक डचांच्या काळातला, एक आजचा. एक प्रकरण तिथलं, एक इथलं, आणि शेवटी इन्स्पेक्टर देवांती नावाची बाई दोन्ही टोकांची गाठ मारते. शाळेत असताना मी त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. गेलेला काळ गेलेला नसतो, कुणीतरी झाकून ठेवलेला असतो, हे मला एकाही मास्तरांनी शिकवलं नाही. ते त्या कादंबऱ्यांनी शिकवलं. म्हणून मी इतिहासात पदवी घेतली. म्हणून कॉलेजात असताना हातात भोंगा घेऊन मोर्चाच्या पुढे चालले. आणि पाक हेंदार्तोंना संशोधनासाठी मदतनीस हवी आहे असं कळल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"नाव काय तुझं?"

"गालुह, पाक."

"जुनं डच वाचता येतं?"

"हो, पाक."

"घाई असते का तुला?"

"कायम, पाक."

ते हसले. "बरं झालं. घरात कुणालातरी असायला हवी. माझा हात थरथरतो, मला घाई परवडत नाही."

२

हात थरथरायचा म्हणून ते लिहीत नसत, बोलत. सकाळी सात ते नऊ, मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून, समोरच्या तिवईवर फोन ठेवून. मी साडेनऊला यायचे आणि पुढच्या खोलीत कानाला हेडफोन लावून त्यांचं बोलणं टंकायला बसायचे.

ती खोली मला आवडायची. उंच छत, पिवळ्या-काळ्या फरशा, लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या. माझ्या टेबलासमोर त्यांच्या आजोबांचा फोटो होता. डोक्याला बातिकचा रुमाल, पांढरा कोट, मांडीवर कागद, हातात टाक.

"कोर्टात दुभाषे होते," पाक हेंदार्तोंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "साहेब बोलायचा, ते जावानीजमध्ये सांगायचे. आपला माणूस बोलायचा, ते डचमध्ये उतरवायचे. दोन्हीकडची माणसं त्यांच्याच तोंडाने बोलायची. डच गेले आणि हे घर आमच्याकडे आलं."

"कसं आलं, पाक?"

"जशी घरं येतात तसं," ते म्हणाले आणि चहा मागवला.

रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या आवाजामागे सकाळ असायची. कोंबडा. गरम पावाच्या गाडीचं ठरलेलं गाणं. आणि खराटा. खर्र... खर्र... खर्र... पाच महिने मी तो ऐकला नाही, म्हणजे कानावर पडला, पण ऐकला नाही. जावातल्या कुठल्याही सकाळी कुठेतरी कुणीतरी नारळाच्या हिरांचा खराटा घेऊन अंगण झाडत असतं. आपल्या श्वासाचा आवाज जसा ऐकू येत नाही तसा तोही येत नाही.

एकदा एक वाक्य काही केल्या कळेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले. बू यातेमी, म्हणजे यातेमीबाई, तिथे टोफू तळत होत्या. तीस वर्षं त्या घरचा स्वयंपाक त्याच करत होत्या.

"बू, अंगण नऊनंतर झाडाल का? पाकांचे शब्द बुडतात."

"मी? अंगण?" त्यांनी झारा हवेत धरला. "माझे गुडघे बघितलेस का? मी पाइप लावून धुते. पंधरा दिवसांतून एकदा. तेही पाक ओरडले तर."

"मग शेजारी झाडत असतील."

"शेजारी दातांचा डॉक्टर राहतो. त्याच्याकडे पानं उडवायचं यंत्र आहे. सुरू केलं की दात न काढताच दुखायला लागतात."

मी परत येऊन हेडफोन लावला आणि या वेळी फक्त खराटाच ऐकला. सिमेंटवर खराटा फिरला की ओरखडे ओढल्यासारखा कोरडा आवाज येतो. मातीवर तो मुरतो. हिरांची टोकं मातीत रुततात, मग सुटतात. माझं सगळं लहानपण आजोळच्या मातीच्या अंगणात गेलं आहे. मला फरक कळतो.

रेकॉर्डिंगमधला खराटा मातीवर फिरत होता.

मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'फोन बारीक आवाज गाळतो, त्यामुळे सिमेंटचा आवाज मातीसारखा वाटतो.' ती टेबलाला चिकटवली. कोण झाडतं हा प्रश्न त्या चिठ्ठीने सुटत नव्हता, पण त्या दिवशी तेवढं मला पुरलं.

३

नवी कादंबरी त्याच घराची होती. सन एकोणीसशे सत्तावीस. घरात डच मळेवाला राहत होता. एका सकाळी त्याच्याकडची रासिना नावाची मोलकरीण नाहीशी झाली आणि माळ्याला पकडलं. माळ्याचं नाव वागिमान. पाक हेंदार्तोंनी ही गोष्ट लहानपणी घरात ऐकली होती, पण कागद हवे होते. ते मी शोधले. जकार्ताच्या दप्तरखान्यात चार दिवस धूळ खाल्ल्यावर आठ पानं मिळाली.

रासिनाचं प्रेत सापडलं नव्हतं. पुरावा एवढाच, की शिपाई आले तेव्हा मागचं अंगण नुकतंच झाडलेलं होतं आणि त्यात एकही पाऊल नव्हतं. त्यानंतर चौदा प्रश्न. चौदाही प्रश्नांना वागिमानचं एकच उत्तर.

नववा प्रश्न: त्या सकाळी अंगण तू झाडलंस? होय साहेब.

दहावा: पावलं पुसून जावीत म्हणून झाडलंस? होय साहेब.

बारावा: की त्या सकाळी तू झाडलंच नाहीस? होय साहेब.

बारावा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठले. हा माणूस गुन्हा कबूल करत नव्हता. हा साहेबासमोर जमिनीवर बसला होता, एवढंच. मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवतात. लग्नाला येणार ना? हो. जेवून जाणार ना? हो. येत कुणी नाही, जेवत कुणी नाही, आणि वाईटही कुणाला वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. कोर्टातल्या डच साहेबाला ठाऊक नव्हतं. त्याच्या शेजारी बसून ती उत्तरं उतरवणाऱ्या दुभाष्याला मात्र ठाऊक असणारच.

शेवटच्या पानावर दुभाष्याच्या सहीची जागा होती. तिच्यावर शाई सांडलेली होती.

चौदा होकारांवर वागिमानला सुमात्रातल्या कोळशाच्या खाणीत पाठवलं. तो परत आला नाही.

मी रात्रीच्या गाडीने सेमारांगला परतले आणि ती पानं पाक हेंदार्तोंसमोर ठेवली. ते वाचत राहिले. मग म्हणाले, "चौदा होकार. पुस्तकाचं नाव हेच."

आठवड्याने मी ते प्रकरण टंकायला घेतलं. बारावा प्रश्न त्यात नव्हता. त्याच्या जागी पाक हेंदार्तोंच्या आवाजात दुसराच प्रश्न होता: तिला कुठे पुरलंस ते आठवतं? होय साहेब.

"पाक, बारावा प्रश्न कुठे गेला?"

"वाचक गोंधळतो, पोरी. खुनी एकच असावा आणि त्याने कबूल करावं."

"पण हा खरा माणूस आहे. नाव खरं आहे."

"म्हणून तर खरं वाटतं," ते म्हणाले.

४

मी काय केलं ते सांगते, कारण त्याची लाज अजून गेलेली नाही. मी वागिमानच्या माणसांना शोधून काढलं. टेकडीच्या पायथ्याच्या गल्लीत त्याची नात राहत होती. म्बाह पोनिरा, म्हणजे पोनिराआजी, वय चौऱ्याऐंशी. तिने मला चटईवर बसवलं, मोगऱ्याचा गोड चहा दिला, तळलेला कंद पुढे केला आणि मी पहिला घास घेईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

"वरच्या घरातून आलीस ना?"

"हो, म्बाह."

"पुस्तक काढताय म्हणे."

"हो."

"माझ्या आईला शाळेत बसू दिलं नाही. माझं लग्न दोनदा मोडलं. तिसऱ्याला काही सांगितलंच नाही, म्हणून झालं." ती हसली. तोंडात एकच दात होता. "तो मेला तरी त्याला कळलं नव्हतं. भला होता, जरा मठ्ठ होता. आता कुठे गल्ली विसरलीय. माझी पणती शिक्षिका झालीय, वरच्याच शाळेत. पोरं वाचतात ना तुमची पुस्तकं?"

"वाचतात."

"मग?"

"त्यांनी खून केला नाही, म्बाह. माझ्याकडे कागद आहे."

"मला कशाला कागद दाखवतेस? मला वाचताही येत नाही आणि मला माहीतही आहे. ज्याला माहीत नाही त्याला दाखव."

"दाखवते. एक तर त्यांचं नाव काढायला लावते, नाही तर खरं लिहायला लावते. शब्द देते."

ती चटईवर बोटाने अर्धगोल ओढायला लागली, एकाखाली एक.

"आजोबा कसे झाडायचे माहीत आहे? आई सांगायची. मागे मागे सरकत. पुढे चालत झाडलं तर आपलीच पावलं मागे उरतात. ते भिंतीपाशी सुरू करायचे, तोंड भिंतीकडे, पाठ घराकडे, आणि सरकत सरकत पायरीपर्यंत यायचे. अख्ख्या अंगणात पाऊल नाही. फक्त खराटा जिथे थांबला तिथे दोन." तिने अर्धगोलांच्या शेवटी दोन बोटं टेकवली. "इथे ते."

५

दुसऱ्या दिवशी मी सातलाच गेले. बोलणं रेकॉर्डिंग सुरू असतानाच करायचं ठरवलं होतं. भोंगा घेऊन पोलिसांच्या गाडीसमोर उभी राहिलेली मुलगी मी. एका म्हाताऱ्या लेखकाला चार वाक्यं सुनवायला काय लागतं?

व्हरांड्यात कोवळं ऊन होतं. समोर सिमेंटचं रिकामं अंगण, भिंतीलगत तो दुसऱ्या थराचा तुकडा, त्यावर बू यातेमींनी वाळत टाकलेली मिरची. अंगणात कुणी नव्हतं. हे मी मुद्दाम पाहून ठेवलं. मी बसले होते तेवढा वेळ अंगणात कुणीही नव्हतं आणि कसलाही आवाज नव्हता.

"पाक, वागिमानच्या नातीला भेटले मी."

"असं?" त्यांनी कप खाली ठेवला. "यातेमी म्हणाली खरी, तुला त्या गल्लीत कुणीतरी पाहिलं. बरी आहे का म्हातारी?"

"बरी आहे. पाक, ते नाव..."

"नावाचं आपलं ठरलंय ना, पोरी?" ते गोड आवाजात म्हणाले. रागावले असते तर मी बोलले असते. ते माझ्याकडे माझ्या आजोबांसारखे बघत होते, आणि कपाच्या कानावर त्यांचं बोट थरथरत होतं.

"हो, पाक," मी म्हणाले.

साडेनऊला मी ते टंकायला बसले. त्यांचा कप ठेवल्याचा आवाज. माझा आवाज. आणि मागे खराटा, मातीवर, संथ, न चुकता. खर्र... खर्र... 'नावाचं आपलं ठरलंय ना, पोरी?' इथे खराटा थांबला. जणू झाडणाराही उत्तरासाठी थांबला होता. मग माझं 'हो, पाक.'

आणि माझ्या आवाजाखाली, बरोबर त्याच वेळी, एक पुरुषी, खालच्या पट्टीतला, जमिनीकडे बघून बोलल्यासारखा आवाज: होय साहेब.

मी ते अकरा वेळा ऐकलं. मग चिठ्ठी लिहिली, 'व्हरांड्याच्या भिंतीवरून परतलेला माझाच आवाज.' चिकटवायला गेले तर पहिली चिठ्ठी गळून खाली पडली होती.

६

कोरडे दिवस होते. शेजारचा डॉक्टर वरचा मजला चढवत होता, त्यामुळे सगळीकडे पांढरी धूळ बसायची. सोमवारी सकाळी बू यातेमी मला हाताला धरून मागे घेऊन गेल्या.

"हे बघ. पाकांनी नवा माणूस ठेवला का? मला न सांगता?"

सिमेंटवरच्या धुळीत अर्धगोल होते. भिंतीलगतच्या त्या तुकड्यापासून सुरू झालेले, एकाला एक चिकटून, माशाच्या खवल्यांसारखे. इतकं देखणं झाडलेलं अंगण मी आजोळ सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. रेघा अंगणाच्या मध्यापर्यंत येत होत्या आणि तिथे थांबत होत्या. तिथे धुळीत दोन अनवाणी पावलं होती. टाचा घराकडे.

"तीस वर्षं झाली मला," बू यातेमी बडबडत होत्या. "गुडघे गेले म्हणून माणूस ठेवायचा तर तोंडाने सांगावं. आणि ठेवला तर ठेवला, केर भरून कुठे टाकतो हा? केराचा ढीग कुठेय?"

केर कुठेच नव्हता.

मंगळवारी रेघा पायरीच्या जवळ आल्या. बुधवारी पायरीवर. मी बू यातेमींना पाइप लावायला सांगितलं, त्यांनी कुरकुरत अंगण धुतलं. गुरुवारी व्हरांड्याच्या फरशीवर पाच अर्धगोल होते. शेवटचा पाक हेंदार्तोंच्या खुर्चीच्या पायाला लागून गेला होता, आणि टाचा खुर्चीच्या बाजूला होत्या. म्हणजे ते बोलत होते तेव्हा तो शेजारीच उभा होता, अंगणाकडे तोंड करून.

त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये ते एका वाक्याच्या मध्येच थांबले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. 'आज बाजूने गार लागतंय,' ते स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा वागिमानच्या खुनाकडे वळले.

७

पुस्तक प्रकाशकाकडे पाठवायचं काम माझंच होतं. तोंडाने जे जमलं नाही ते मी हाताने केलं. फाइल उघडली, 'वागिमान' शोधलं, दोनशे तेरा जागा निघाल्या. सगळीकडे बनवलेलं एक नाव घातलं आणि फाइल पाठवून दिली. त्या संध्याकाळी मी म्बाह पोनिराच्या गल्लीवरून मुद्दाम चालत गेले. तिच्या दाराशी थांबले नाही, पण ताठ मानेने गेले. शब्द पाळला असं मला वाटत होतं. न सांगता पाळलेला शब्द चोरीसारखा असतो हे तेव्हा सुचलं नाही.

छपाईआधीचे कागद आले आणि पाक हेंदार्तोंनी ते चष्मा लावून वाचले. मग पुढच्या खोलीत आले. ते सहसा येत नसत. माझ्यासमोर, आजोबांच्या फोटोखाली खुर्ची घेऊन बसले. सकाळचे दहा वाजले होते. नुकतीच मी बू यातेमींना पिशवी घेऊन बाजाराला जाताना फाटकात पाहिलं होतं. घरात आम्ही दोघंच होतो.

"नाव बदललंय," ते म्हणाले. "चुकून झालं ना?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती. आमच्याकडे मोठी माणसं अशीच वाट काढून देतात, समोरच्याची मान खाली जाऊ नये म्हणून. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. 'नाही, मुद्दाम केलं.' तीन शब्द.

"हो, पाक."

"मला वाटलंच. परत घालशील ना?"

"हो, पाक."

"त्या म्हातारीला तू काही कबूल नाही ना करून आलीस?"

"हो, पाक."

मला वेगळं काहीतरी म्हणायचं होतं, ओठ त्यासाठीच उघडले होते. बारावा प्रश्न, माझ्या डोक्यात आलं. हा माझा बारावा प्रश्न.

आतल्या बोळातून आवाज आला. खर्र...

तिथे फरशी आहे. तरी आवाज मातीचा होता. आज तो हेडफोनमध्ये नव्हता.

खर्र... खर्र...

पाक हेंदार्तो माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे, बोळाच्या दाराकडे बघत होते. एरवी कपाच्या कानावर थरथरणारा त्यांचा हात आता अगदी स्थिर होता, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

"आत यातेमी आहे का?" त्यांनी हळू विचारलं.

"हो, पाक."

"ती बाजारात गेली ना?"

"हो, पाक."

"गालुह. आत कोण आहे, तुला माहीत आहे का?"

"हो, पाक," मी म्हणाले. माझ्या आवाजाखालचा दुसरा आवाज आता माझ्या पाठीला लागून होता.

खराटा थांबला.

जिथे खराटा थांबतो तिथे तो असतो. मी मान वर केली नाही. एवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मी फक्त नजर खुर्चीच्या पायाकडे नेली. पिवळ्या-काळ्या फरशीवर बोळाच्या दारापासून अर्धगोल येत होते, एकाला एक चिकटून, आणि माझ्या खुर्चीच्या मागच्या पायाशी दोन टाचा होत्या. भेगाळलेल्या, भेगांत काळी कोळशाची पूड, आणि पूड ओली होती. टाचा माझ्याकडे होत्या. त्याची पाठ माझ्या पाठीशी होती. तो माझ्यापर्यंत येऊन पोचला होता.

पाक हेंदार्तो उठले. फोटोकडे एकदा पाहिलं आणि भिंत धरत धरत आपल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला, मग कडी.

मी नाव परत घातलं. दोनशे तेरा जागी. बोटं आपोआप चालत होती. फाइल गेली तेव्हा फरशीवर टाचा नव्हत्या, रेघाही नव्हत्या. फरशी स्वच्छ होती.

८

पुस्तक ऑगस्टमध्ये आलं. स्टेशनवर ढीग लागले. पहिल्याच पानावर आभार आहेत, त्यात माझंही नाव आहे. पाक हेंदार्तो त्यानंतर व्हरांड्यात बसले नाहीत, असं बू यातेमींनी फोनवर सांगितलं. 'खोलीतच बोलतात. दाराला आतून कडी. आणि जेवायला हाक मारली की आतून हो म्हणतात, पण येत नाहीत.'

मी नोकरी सोडली. म्बाह पोनिराकडे एकदा गेले. दाराला आतून कडी होती. मी तीनदा हाक मारली. आत कप खाली ठेवल्याचा आवाज आला, पण कडी निघाली नाही. तिची पणती आता शाळेत शिकवायला जात नाही, असं बाहेरच्या दुकानात कळलं. का, ते मी विचारलं नाही.

आता मी बंदराजवळ एका घरात तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहते. ज्या पानावर बारावा प्रश्न आहे त्याची प्रत माझ्याकडे आहे. तीन वर्तमानपत्रांची पाकिटं तयार आहेत, पत्ते घालून, बंद करून. त्यासोबत एक पत्र आहे. त्यात नाव मी बदललं होतं, मीच परत घातलं, आणि तो निर्दोष आहे हे मला माहीत होतं, असं सगळं लिहिलंय. पाकिटं चार आठवडे टेबलावर आहेत.

"आज पोस्टात जाणार ना?" घरमालकीण रोज विचारते.

"हो, बू," मी म्हणते.

खोलीबाहेरच्या जिन्याला फरशी आहे. तीन मजल्यांत मातीचा कण नाही. सकाळी मी हेडफोन लावून बसते, त्यात काही लावलेलं नसतं.

परवा शनिवारी दहाला पाणीवाला आला. दर शनिवारी येतो, मला म्बाक म्हणतो, म्हणजे ताई. मोठा जार खांद्यावर घेऊन तीन मजले चढतो आणि जिना संपेपर्यंत शिव्या देतो. या वेळी शिव्या ऐकू आल्या नाहीत. त्याने जार कोपऱ्यात ठेवला, कपाळ पुसलं, आणि दाराकडे मान वळवून म्हणाला,

"म्बाक, तुमच्या दाराला पाठ लावून झाडतायत ते म्हातारे काका कोण हो? 'जरा सरकता का' म्हटलं तर 'होय साहेब' म्हणाले. पण सरकले नाहीत."